रस्त्याखालून गेलेली काडी

तुम्ही चोर आहात. राजगादीवर बसल्या बसल्या आमच्या टेकडीवर मोजणीच्या दोऱ्या ताणायला लावल्यात आणि माझ्या बापाच्या द्राक्षमळ्यातून रस्ता नेलात. विचारलंत कुणाला?

माझा बाप याकीम चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मळ्यात अर्धेलीनं, अर्ध्या पिकावर राबला. अर्धेलीवाल्याला यरुशलेमच्या मंदिरात पहिलं फळ नेता येत नाही. जमीन स्वतःची लागते. म्हणून म्हातारपणी त्यानं ही पट्टी घेतली. एकदाच, टोपली खांद्यावर घेऊन, त्याला म्हणायचं होतं, "देवा, तू मला दिलेल्या जमिनीचं हे पहिलं फळ."

तुमच्या रस्त्यानं सगळे वेल चिरडले. राहिला एक. त्याची एक काडी, लांब फांदी, बापानं पूर्वीच वाकवून मातीत दाबली होती. तिचं टोक खाली उताराला, आमच्याच पट्टीत फुटलं, आणि मधल्या मातीवर तुमचा रस्ता पडला. वरचं खोड मोडकं, वांझ. खालच्या टोकाला मात्र एक घड धरला. तो रंगायला लागला तसा बापानं त्याला खुणेला गवताची पात बांधली. "हे देवाचं."

शेजारचा इद्दो हसला. "याकीमदादा, टोपली साधीच विणा. गरिबाची मंदिरातले याजक ठेवून घेतात, सोन्याची तेवढी परत देतात!"

"ठेवू देत की. मी काय टोपली आणायला चाललोय?"

गाव यरुशलेमला निघायच्या आदल्या दिवशी धर्माचे नियम सांगणारे एलास गुरुजी आले. वाकून त्यांनी वेल पाहिला.

"याकीम, ही काडी रस्त्याखालून आलीय?"

"हो. पण रस्ता नंतर आला, गुरुजी."

"आधी काय, नंतर काय. रस परक्या मातीतून आला. 'माझ्या जमिनीचं' कसं म्हणशील?"

मी म्हणाले, "मग मधून तोडते. इथं तिला मुळं आलीत."

"तोड. मग ते नवं झाड, पोरी. तीन वर्षं त्याच्या फळाला हात लावायचा नाही."

बापाचे पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. चार पावलांत धाप लागायची.

"तेवढी वर्षं माझ्याकडं नाहीत, गुरुजी."

"नियम माझा असता तर मोडला असता रे," एलास गुरुजी म्हणाले. त्यांना वर बघवेना.

"मग हा घड काय आहे?" बापानं विचारलं.

"द्राक्षं. साधी. खाऊन टाक."

त्यानं खाल्ली नाहीत. सकाळी गाव निघालं. पुढं सोनेरी शिंगांचा बैल, पावा, टोपल्या. तुमच्याच रस्त्यानं, त्या काडीवरून. बाप बांधावर बसलेला.

इद्दो थांबला. "दादा, नुसते चला की."

"रिकाम्या हातानं तिथं काय बोलू?"

ते वळणाआड गेल्यावर बापानं मला हाक मारली. "अबीताल, रस्ता ज्यानं केला त्याला विचार, माझी जमीन कुठं संपते. तो सांगेल तेवढीच मी देवापुढं माझी म्हणेन."

त्याला खरंच वाटतं, तुम्ही सांगाल. आता तो उठत नाही. शुद्धीवर आला की एकच विचारतो, "आलं का उत्तर?"

सांगा. कुठं संपते?