मारी शहराचं पत्र

"हे पत्र मातीचं आहे," बादल म्हणाला, आणि बाकांवरची कुजबुज थांबली. "ओल्या मातीच्या विटेवर काडीनं कोरलेलं. फरात, म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठी मारी नावाचं शहर होतं, तिथल्या राजाला धाडलेलं. आपल्या संदेष्ट्यांच्या हजारेक वर्षं आधी."

चर्चमधल्या शेवटच्या बाकावर ठाकऱ्या आबा हाताची घडी घालून बसले होते. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या या पाड्यावर तीस वर्षं त्यांनीच उपदेश केला होता. बादलला अक्षरओळखही त्यांनीच करून दिली होती. पुण्याला शास्त्र शिकून तो परतला, तेव्हा त्याला एखाद्या रविवारी बोलू द्या, असं म्हणणारेही तेच. हा त्याचा सहावा रविवार होता.

"त्यात देव राजाला सांगतो, गादी मी दिली. आता नाडलेला माणूस, नाडलेली बाई दाद मागायला आली, तर उठून न्याय कर." बादल पुढे म्हणाला, "आपले संदेष्टेही विधवेची बाजू घ्या म्हणतात. फरक आहे. ते राजाच्या तोंडावर बोलले, ऐकलं नाहीस तर राज्य बुडेल म्हणाले. पण बाई तिकडेही नाडलेलीच होती."

बायकांच्या बाजूनं ललिता उभी राहिली.

"मी बी नाडेल शे," ती म्हणाली. "नवरा मरीसन चार वरीस झायात. मना जेठनी मनं वावर दाबी लिधं."

विधवेचं ते वचन आबांनी घसा बसेपर्यंत वाचलं होतं. गेली चार वर्षं ललिता पदर सारखा करत समोरच बसून ऐकत होती. एकदाही उठली नव्हती. आणि आज कुठल्या परक्या देवाच्या विटेवरचं ऐकून उठली.

उपासना संपल्यावर सगळे बादलभोवती जमले. मंगळवारी ललिताला घेऊन तहसीलला जायचं ठरलं. मंडळीतला सुकदेव तयार झाला, अजून दोघं झाले. बादल आबांपाशी आला.

"आबा, तुम्हीही चला. तुमचा शब्द तिथं मानतात."

"माझं काय काम? तुझ्याकडे विटा आहेत की," आबा म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी धुळ्याच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. आपलं शास्त्र मूर्तिपूजकांच्या विटांवरून उतरवलंय, असं हा मुलगा मंडळीला शिकवतो. बादल असं बोललेला नाही, हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पाकीट चिकटवलं. मंगळवारी बादलला ताप आला म्हणून तहसीलला जाणं पुढे ढकललं गेलं, आणि शनिवारी धुळ्याहून दोन गृहस्थ आले.

"तो खरंच असं म्हणाला?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"मी तसंच ऐकलं," आबा म्हणाले.

बादलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबांना तसं ऐकू आलं असेल."

त्याची धुळ्याच्या वसतिगृहावर बदली झाली. तहसीलचं राहूनच गेलं. "भानगड नको," असं म्हणून सुकदेवनं अंग काढून घेतलं, आणि ललिताच्या वावरात तिच्या जेठानं, थोरल्या दिरानं, कपाशी लावली.

बादल गेल्यानंतरच्या रविवारी आबा पुन्हा समोर उभे राहिले. त्यांनी मुद्दाम विधवेचंच वचन घेतलं. लोकांनी माना डोलावल्या. ललिता खाली बघत बसून होती.

बाहेर चपला घालताना ती जवळ आली. आता ही तहसीलला चला म्हणेल, असं आबांना वाटलं. येतो म्हणायचं, हे त्यांनी मनात ठरवूनही टाकलं. तिनं वहीचा एक कागद पुढे केला.

"आबा, बादलभाऊना धुयाना पत्ता लिखी द्या माले."

"वावराचं काम असेल तर मी येतो ना, ललिता."

"नही आबा. तुमले कशाले तरास."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आबांना काही तरी बोलता आलं असतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. तिला वाचता येत नव्हतं. कागद कंडक्टरला, मग रिक्षावाल्याला दाखवावा लागणार होता. म्हणून त्यांनी बादलचं पूर्ण नाव, वसतिगृह, गल्ली, सगळं मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं.

कागद घेऊन ती चार पावलं गेली आणि थांबली.

"बरोबर लिखं ना, आबा?"

आबांनी हात पुढे केला. कागद परत घेऊन, एकेका शब्दाखाली बोट ठेवत, त्यांनी तो तिला पहिल्यापासून वाचून दाखवला.