कुफल फुटलं न्हाई

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या गोदामातून मिलोची, म्हणजे रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीची, चाळीस पोती चोरीला गेली आणि राखणदार धुळाजीच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं.

धुळाजी निजामाच्या वेळी चार यत्ता उर्दूतून शिकलेला. कुलपाला तो अजून 'कुफल'च म्हणायचा. कुणी हसलं की सांगायचा, मूळ अरबी शब्द हाच. आपल्या आज्या-पणज्यांच्या जिभेनं 'फ' आन 'ल' उलटेपालटे केले, म्हणून कुलूप. शाळेतल्या पंडित गुरुजींनाही ते पटलं होतं. 'टाळं' मात्र आपलं जुनं, असं ते वर म्हणायचे.

चौकशीला आष्टीहून फौजदार साहेब आले. धुळाजीनं सांगितलं, सकाळी कुफल कडीत उघडं लटकत होतं, त्यावर ओरखडाही नव्हता. साहेबांनी जबाब लिहिला. सहीआधी धुळाजीनं तो गुरुजींकडून वाचून घेतला. त्यात होतं, 'अज्ञात इसमांनी टाळे फोडले.'

"साहेब, मी असं बोललो न्हाई."

सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव शेजारीच बसले होते. कुफल, कुलूप, टाळं, सगळं एकच की, असं ते समजुतीनं म्हणाले.

"तिन्ही एकच हायेत, मालक. पर फोडनं आन उघडनं एक न्हाई."

किल्ल्या दोनच होत्या. एक अर्जुनरावांकडं, दुसरी धुळाजीच्या करगोट्याला. टाळं फुटलं म्हटलं की दोघंही सुटत होते.

अर्जुनरावांनी आवाज उतरवला. "उघडलं म्हनशील तर पयला तूच धरला जाशील, धुळाजी."

हे त्यालाही कळत होतं. पण आठवडाभर गोदामापुढं रांग धरून रिकाम्या पिशव्या घेऊन परतणाऱ्या बायका त्यानं डोळ्यांनी बघितल्या होत्या. त्यानं दौत मागं सारली. शेवटी साहेबांनी कपाळाला आठ्या घालत, टाळे उघडे होते असा नवा कागद लिहिला. त्याच्यावर धुळाजीनं उर्दूत सही केली.

झालं तसंच. अर्जुनरावांना कुणी हटकलं नाही. धुळाजीला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं आणि कामावरून काढलं. पोती सापडलीच नाहीत. तो बायको भिवराबाईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. तिथं लोक त्याच्यापासून जरा अंतर राखूनच बसत.

एकदा दुपारी भिवराबाईनं विचारलं, "त्यांनी लिवलं व्हतं तेच राहू दिलं असतं, तर काय बिघडलं असतं वो?"

धुळाजीनं पुढचा दगड जवळ ओढला. तिनं आपल्या वाटणीचं पाणी त्याच्यापुढं सरकवलं आणि हातोडा उचलला.