ओल्या बाजूची अध्यक्षीण

"अगं, जपून! चौकटीला घासतोय तो. हातांत जोर आहे की नुसताच साबण?"

मावशी ओरडत होती, आणि चौघीजणी तो परातीएवढ्या तोंडाचा उभा पंखा उचलून सुक्या बाजूकडून ओल्या बाजूकडे आणत होत्या. इस्पितळाच्या धुलाईघराचे असे दोन भाग होते. एका दालनात कपडे उकळायचे, घासायचे, पिळायचे. ती ओली बाजू. दुसऱ्यात इस्त्र्या आणि घड्या. ती सुकी बाजू. मधे रुंद दार. पंखा मात्र दोन्हींत मिळून एकच. कामगार संघटनेची निवडणूक जी बाजू जिंकेल तिच्याकडे पुढच्या निवडणुकीपर्यंत पंखा, हा रिवाज कुणी पाडला ते कुणालाच आठवत नव्हतं. कागदावर कुठे नसूनही तो भिंतीसारखा पक्का होता. सुकी बाजू इतकी वर्षं जिंकत आली होती की पंख्याच्या पायांनी त्यांच्या फरशीवर वळ उठले होते.

यंदा ओली बाजू जिंकली. जेमतेम, पण जिंकली. अध्यक्ष झाली ती पिळणयंत्रावरची काबरंताई. कुठल्याही गोष्टीवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, म्हणून हे नाव. साबणाचा वास बदलला, का बरं? मोठे साहेब आज मागच्या दाराने आले, का बरं? अशा चौकस बाईला कोण मत देणार होतं? पण मावशीने दारोदार फिरून तिला निवडून आणलं. मावशी भट्टीवर होती, कपडे उकळायच्या मोठ्या हौदापाशी, जिथे वाफेत माणूस नीट दिसतसुद्धा नाही. काबरंताई नवखी होती तेव्हा साबणाने सोललेल्या तिच्या हातांना रोज तेल लावून दिलं होतं ते मावशीनेच.

पंखा सुरू झाला. मावशीने त्याच्यासमोर पाटी उपडी घातली, तीवर बैठक मारली आणि डोळे मिटून हात हलवत तिथल्या तिथे जुळवलं:

"आला गं आला वारा, भट्टीच्या भेटीला,
सुक्यांचा पाहुणा आता ओल्यांच्या गाठीला!"

बायका हसून लोटपोट झाल्या. दारापलीकडे इस्त्र्या मुकाट फिरत राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांनी काबरंताईला बोलावलं. अभिनंदन केलं, आणि त्याच श्वासात सांगितलं, की धुण्याचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं चाललंय. इस्त्री मात्र इथेच राहील. "तुमच्या संघटनेचं काय म्हणणं आहे ते गुरुवारी सांगा. निम्मे लोक हो म्हणाले तरी मला पुरे."

जिना उतरता उतरता तिच्या लक्षात आलं. साहेबांनी निम्मे म्हणजे कोणते, ते आधीच मोजून ठेवलं होतं.

ओल्या बाजूला आग भडकली. "काम बंद करू!" "नळ फोडू!" काबरंताई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मी घडीकाकांशी बोलून येते."

घडीकाका म्हणजे सुक्या बाजूचे पुढारी, परवापर्यंतचे अध्यक्ष. चादरीची घडी अशी घालायचे की तिच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढावी.

"कुणाशी?" मावशीने काठी हौदातच सोडली. "हरलेल्याच्या दारात जायला निवडून दिलं का तुला? ते जिंकायचे तेव्हा आले होते का आपल्याला विचारायला?"

"नाही आले. का बरं नाही आले, तेच मला..."

"तुझं का बरं घाल त्या हौदात! मागच्या उन्हाळ्यात मी इथे घेरी येऊन पडले होते. तू स्वतः पळत गेलीस त्याच्याकडे. एका दुपारपुरता पंखा मागायला. काय म्हणाला तो? रिवाज आहे म्हणाला. मी या फरशीवर पडलेली, आणि त्याला रिवाज!"

मावशीचं खरंच होतं. तरी काबरंताई गेली.

इतक्या वर्षांत कामाच्या वेळी ती त्या दालनात कधी शिरली नव्हती; मागच्या उन्हाळ्यातही दारातूनच परतली होती. तिला वाटायचं, सुकी बाजू म्हणजे सुखाची बाजू. दारातून आत पाऊल टाकलं आणि नाकातला ओलावा कुणी टिपून घेतल्यासारखं झालं. इथला उकाडा वेगळा होता. ओल्या बाजूला घाम निथळतो. इथे तो अंगावरच वाळून मीठ होत होता. इस्त्रीवाल्या बायकांच्या मनगटांवर भाजल्याचे जुने-नवे चट्टे होते. ती बघतच राहिली.

"या अध्यक्षीणबाई," घडीकाका मान वर न करता म्हणाले. "पंखा नेलात, आता काय, खिडकी न्यायची आहे?"

"आधी बसा तरी म्हणा, काका."

"बसायला जागा असती तर आम्हीच नसतो का बसलो?"

एक बाई फिसकन हसली. काबरंताईसुद्धा हसली. मग तिने साहेबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "बाहेरची कंपनी चादरी धुऊन देईल, तर इस्त्री करून का बरं देणार नाही? आज आम्ही, उद्या तुम्ही. एवढं तरी दिसतंय ना?"

"मला दिसतंय." काकांचा आवाज खाली आला. "माझ्या माणसांना काय दिसतंय? पंखा गेला, आणि वर गाणं म्हणत गेला. आता तुमच्यासाठी हात वर करा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू? पंखा परत आणा. मग बोलतो."

"दिवसाआड ठेवू. नाहीतर दारात ठेवू, दोघांनाही लागेल."

"दारात ठेवलात तर कपड्यांच्या गाड्या काय छपरावरून नेणार? आणि दिवसाआड म्हणजे तुमचा उपकार. उपकाराखाली दबलेली माणसं साहेबासमोर मान वर करत नाहीत, ताई."

ती जायला वळली, पण मनातलं राहवेना. "काका, मावशी पडली तेव्हा पंखा का नाही दिलात? भांडायला नाही विचारत. मला खरंच कळत नाही."

काकांनी इस्त्री उभी केली. चादरीवरून नुसताच तळहात फिरवला.

"दिला असता, तर आमचे लोक म्हणाले असते हा नरम पडला, बदला याला. अशी भीती वाटली." मग म्हणाले, "नाही दिला. तरी बदललंच मला शेवटी."

"हे मावशीला येऊन सांगाल?"

"ते नाही जमायचं."

ती परत आली आणि सगळं सांगितलं. काकांच्या भीतीचं तेवढं एक सोडून. ते तिच्या तोंडून कळलं असतं तर त्याला काही किंमत नव्हती. बायका चिडल्या. मावशी पाटीवरच बसून होती, पंख्यापुढे. शेवटी म्हणाली, "काम गेलं तर गेलं गं. मी तर काय, आज आहे उद्या नाही. पण एकदा, आयुष्यात एकदा, त्यांना कळू दे की आपणही जिंकतो."

"कळलं की त्यांना. पण काम गेल्यावर ते जिंकणं कुठे ठेवायचं, मावशी?"

"ते तुला नाही कळायचं. तू पडली नव्हतीस."

बुधवारी सकाळी काबरंताईने पंख्याची वायर काढली. अध्यक्ष म्हणून तिने मत मागितलं नाही. मागितलं असतं तर हरली असती, हे तिला ठाऊक होतं. ओल्या बाजूचं कुणी हात लावायला उठलं नाही. ती एकटीच तो लोखंडी सांगाडा ओढू लागली, तेव्हा दारापलीकडून मनगटावर चट्टे असलेल्या दोघी आल्या आणि त्यांनी दुसरी बाजू उचलली. पंखा जुन्या वळांवर नेमका जाऊन बसला.

गुरुवारी साहेबांची खोली माणसांनी भरून गेली. साहेब सुक्या बाजूकडे बघून गोड हसले. घडीकाका पुढे झाले.

"साहेब, धुणं इथं आहे तोवर इस्त्री इथं आहे. धुणं बाहेर गेलं, तर आम्हीही त्याच दिवशी बाहेर. सगळे." मागे एकेक हात वर होत गेला. आचेने वाळलेले, पाण्याने सुरकुतलेले. मावशीचाही होता. साहेब बराच वेळ पेनाशी चाळा करत बसले आणि म्हणाले, "बरं, राहू द्या सध्या." त्यांच्या 'सध्या'चा अर्थ सगळ्यांनाच कळत होता, तरी जिन्यात एकच गलका उठला. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांत मिसळून खाली उतरली. कोण ओलं, कोण सुकं, सांगता येईना.

काबरंताई मावशीला शोधत होती. भट्टीवर नव्हती. मागच्या अंगणात दोऱ्यांवर नुकत्याच घातलेल्या चादरींच्या रांगा होत्या, जड, ठिबकत्या. शेवटच्या चादरीखाली तिला ओळखीची पावलं दिसली. पाण्याने पांढरी पडलेली, टाचांना भेगा.

"मावशी."

पावलं हलली नाहीत.

ती अलीकडच्या दगडावर बसली. बोलायला पुष्कळ होतं, विचारायला तर त्याहून जास्त. पण आज तिने काहीच विचारलं नाही. आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला, कुणीतरी "अध्यक्षीणबाई कुठे गेल्या?" म्हणून हाका मारत होतं. तिने ओ दिली नाही.

चादरीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, आधी तिच्या बाजूला, मग मावशीच्या. वारा नव्हता. वाळायला अजून वेळ होता.

पलीकडची पावलं निघून गेली नव्हती. तीही बसून राहिली.