पांढऱ्यात थेंबभर पिवळा

"भिंतीशी जुळलंय ना?" यांनी विचारलं.

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार भिंतीला टेकून वाळत होतं. भिंत पांढरी होती. दाराला कावीळ झाली होती.

"अगदी," मी म्हणाले.

आमचे हे रंगारी. चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, पण घरच्या कपाटांचे पोपडे निघाले तरी तिकडे ब्रश लावायला सवड झाली नाही. मीही टोमणा मारायची संधी कधी सोडली नाही. काम सुटल्यावर आता कुठे कपाटं रंगवायला घेतली. डब्यातला तयार पांढरा यांना चालत नसे. भगभगीत दिसतो म्हणायचे. त्यात थेंबभर पिवळा घालायचा, ढवळायचा, उजेडात धरून पाहायचा. माप असं काही नाही, सगळी डोळ्यांवर भिस्त. आणि आता डोळ्यांचा पडदाच खराब होत चाललाय. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पिवळा दिसेना, म्हणून हे थेंबावर थेंब घालत राहिले.

लेकीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, सरळ पेंटर बोलव. बाबांना म्हणावं, आराम करा आता."

तिला बोलायला काय जातंय! रंगाऱ्याच्या घरात दुसरा रंगारी बोलवायचा, म्हणजे तुमचं संपलं असं तोंडावर सांगणंच की. दोन दिवस मी मूग गिळून बसले. तेवढ्यात यांनी आणखी दोन दारं रंगवली, ती पहिल्याहून पिवळी. उरलेली नऊ खोलीत रांगेने वाट पाहत होती. शेवटी यांना न विचारता मी ओळखीतल्या एका पेंटरला बोलावलं, आणि तो सहज भेटायला येतोय अशी थाप मारली.

तो आला, वाळलेल्या दारावरून तळहात फिरवला. "मिस्त्री, ब्रशचा एक माग नाही हो. असा हात आता बघायला मिळत नाही."

"हाताचं सोडा. रंग जुळलाय का?"

तो माझ्याकडे बघू लागला.

"नाही जुळला," मी म्हणाले. "पहिल्या दारापासून नाही जुळला."

हे स्टुलावर बसले. बराच वेळ नखातला रंग खरवडत राहिले.

"मग 'अगदी' का म्हणालीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"चाळीस वर्षं परक्या बायका तोंडावर सांगत आल्या, मिस्त्री, रंग बिघडला, परत लावा. मी लावला. तू एकटीच भली निघालीस."

आवाज जराही चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मला वाटत होतं मी यांचा मान राखतेय. खरं तर मीच यांना आंधळं ठरवून मोकळी झाले होते.

मग हे पेंटरला म्हणाले, "रंग तुम्ही लावा. घासायचं काम माझं. त्याला डोळे लागत नाहीत."

सोमवारी काम सुरू झालं. हे पॉलिश पेपरने एकेक दार घासत होते, बोटांनी चाचपत होते. कुठे तेलकटपणा राहिला असेल तर पेंटरच्या आधी यांना कळत होता. पिवळी झालेली तिन्ही दारं यांनी स्वतःच घासून काढली. मी मदतीला गेले, तर हातानेच नको म्हणाले.

पेंटरने डबा उघडला, पांढरा ढवळला आणि बोलून गेला, "मिस्त्री, पिवळा किती घालू?" मग त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

"तिला विचारा," हे म्हणाले. मान वर केली नाही, हातही थांबला नाही. "आता ती खरं सांगेल."

एवढ्या वर्षांच्या संसारात रंगातलं यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी वाकून डब्यात पाहिलं. पांढरा, पिवळा, काहीच कळेना, सगळंच डबडबलेलं. डोळे पुसले आणि म्हटलं, "थांबा जरा. नीट बघून सांगते."