कमानीखालचा भाडेकरू

मित्रांनो, भिंतीवर तपकिरी पडलेला हा चौकोन म्हणजे मी, रोमच्या पडक्या वास्तूंचं एक जुनं चित्र. कुणा कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवलं, सुईने रेषा ओढल्या आणि पत्रा आम्लात बुडवला. आम्लाने कोरलेल्या त्या रेषांत शाई भरली आणि ओलसर कागदावर दाबून मला छापलं. माझ्यात एक प्रचंड कमान आहे. तिच्यावरच्या सम्राटाच्या नावाची निम्मीच अक्षरं उरली आहेत, बाकीच्या जागी गवत. खाली मुंगीएवढा एक माणूस उभा आहे.

एका फ्रेमवाल्याने मला जुन्या बाजारातून घरी आणलं. त्याची लहान लेक माझ्यासमोरून हलत नसे.

"बाबा, एवढ्या मोठ्या कमानीखाली हा एकटाच काय करतो?"

"भाडेकरू आहे तो. राजा गेला, हा राहिला."

फ्रेमवाल्याचा हात नामी होता. गिऱ्हाइकाच्या चित्रामागे तो उत्तम पुठ्ठा लावी. माझ्या वाट्याला मात्र खोक्याचा तुकडा आला. दिव्याखाली अंधार! हलक्या पुठ्ठ्यातही आम्ल असतं, मित्रांनो. ज्याने मला घडवलं, तेच आता मला मागून खाऊ लागलं. खालच्या काठावर डाग उमटला आणि हळूहळू भाडेकरूकडे सरकू लागला.

लेक मोठी झाली. तिने तो डाग हेरला.

"बाबा, पुठ्ठा बदला ना. तुमच्या भाडेकरूला घर सोडावं लागेल अशानं."

"बदलतो गं. आधी लोकांची कामं. चित्र घरचंच आहे, कुठं पळून जातंय?"

"आणि खोकला? डॉक्टरकडे कधी जायचं?"

"तोही घरचाच," म्हणत तो हसला, आणि हसता हसता खोकत राहिला.

मग एके दिवशी दुकान उघडलंच नाही.

लोक येऊन आपापली चित्रं घेऊन गेले. सगळी स्वच्छ, लखलखीत. दुकान आवरताना लेकीला कपाटावर एक उत्तम पुठ्ठा सापडला. तिने तो घरी आणून माझ्याशी लावून पाहिला. बरोबर माझ्या मापाने कापलेला होता. वर धूळ साचली होती.

तिने ती ओढणीने पुसली. मग तिने माझे मागचे खिळे काढले.

आता डाग थांबला आहे. गेला मात्र नाही. भाडेकरूचे पाय त्यात बुडाले आहेत.

मित्रांनो, लोकांची कामं जरूर करा. पण घरचं आहे, कुठं पळून जातंय, असं कधी म्हणू नका.