झाकण उघडू नका

मी शीतपेटी बोलतेय. दचकू नका, बसा जवळ. बोलावल्याशिवाय मी कोणाच्या अंगणात जात नाही, आणि निघाले की ‘परत ये’ असं कोणी म्हणत नाही.

पत्र्याचं अंग, वर काचेचं झाकण, पायथ्याशी मोटर. भरवेली गावच्या लोकांनी वर्गणी करून मला नागपूरहून आणलं आणि पुनारामच्या ओसरीत ठेवलं. माझ्यावर कोणी ओला टॉवेलसुद्धा वाळत घालत नाही. पण माणूस गेला आणि पोरगा दूर असला, की पहिली आठवण माझीच. पोरगा विमानानं येईस्तोवर बापाला राखायचं. विमान आणि मी, एका जोखडाचे दोन बैल.

यंदाच्या वैशाखात एका सकाळी हिरालाल गेला आणि मला त्याच्या घरी नेलं. सारा जन्म खाणीत घालवलेला माणूस. एकुलता पोरगा विवेक बेंगलोरला. फोनवर हमसून हमसून रडत होता, “माय, बाबाचं तोंड पाह्यल्याबिगर नेऊ नको वं!”

“हौ रे बापू. तू ये. राखीन मी त्याले,” रुख्माबाई म्हणाली.

दुपारी आभाळ काळं झालं. असं वादळ सुटलं, की शेजारच्या छपराची टिनं पतंगासारखी उडाली. गारा झोडपल्या, खांब आडवा झाला, लाईन गेली. माझी घरघर थांबली. गावचा जनरेटर लालबर्रा गावी लग्नाला गेलेला, आणि वाटेवर झाडं पडलेली.

तासाभरानं विवेकचा फोन. “माय, इमान नागपुरावर घिरट्या घालून परत फिरलं. हैदराबादले उतरवलं.”

“काहून?”

“खाली इजा पडून राह्यल्या म्हणते. आता सारेच इमानं बंद हायेत. मी गाडी करून निघतो.”

एकाच वादळानं आम्हा दोन्ही बैलांचे पाय बांधले.

झाकण बंद राहिलं, तर माझ्या पोटातली थंडी बरीच टिकते. पण आपल्याकडे आलेल्या प्रत्येकाला तोंड पाहायचं असतं, आणि काचेतून पाहून कोणाचं मन भरत नाही. एकेक बाई यायची, गळा काढायची, झाकण उचलायची, हिरालालच्या गालावरून हात फिरवायची. दर वेळी माझा जीव थोडा थोडा सांडायचा. मी ओरडत होते, पण मला आवाज होता तो मोटरचा, आणि तो गेलेला.

सांडलेली थंडी रुख्माबाईच्या पायांना लागली असावी. ती उठली, घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या माझ्यावर रचल्या आणि वर आडवी पडली.

मलाजखंडहून हिरालालची बहीण जिजाबाई आली, पडलेल्या झाडांतून पायी वाट काढत, चिंब भिजलेली. “वहिनी, सरक. भावाचं तोंड पाहू दे.”

“नाही बाई.”

“मेलेल्याले गोधड्या पांघरून राह्यली! येडी झाली का वं तू? सख्खी बहीण हावो मी!”

“अन् मी कोन हावो? मीनं तरी कुठी पाह्यलं दुपारपासून? पोराच्या वाट्याचं हाय ते.”

जिजाबाई तिथंच बसली. मग तिनंही आपला हात गोधडीवर दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणलं. विवेकची गाडी पडलेल्या झाडांत अडकलेली. लाईनीचा पत्ता नाही. शेजारचा मोतीलाल हात जोडून म्हणाला, “वहिनी, आता नाही राखता येत. हिरालालचा आब राखा.”

रुख्माबाईनं स्वतः गोधड्या काढल्या. डोळे भरून पाहिलं. “न्या,” म्हणाली. लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि त्याला नेलं. तिनं मात्र लगेच माझं झाकण लावलं, आणि रिकाम्या पेटीवर परत गोधड्या घातल्या. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

विवेक आला तेव्हा अंगण रिकामं होतं. तो दारातच कोसळला. रुख्माबाईनं त्याला उठवून माझ्यापाशी आणलं आणि झाकण जरासं उचललं.

“हात घाल.”

त्यानं घातला. तळाशी, पत्र्याला धरून, थोडीशी थंडी उरली होती.

“बाबा,” तो म्हणाला.

आता मी परत पुनारामच्या ओसरीत आहे. आभाळ भरून आलं की मला धडकी भरते. वादळ तुमचं ऐकणार नाही, विमानही नाही. तुमच्या हाती एवढंच आहे. रडा, छाती पिटा, पण माझं झाकण उघडू नका. वाटेवर कोणीतरी आहे.