मयतानं बोलायचं नाही

दुपारची जेवणं उरकली की बाबाराव मरत असत.

कधी स्वयंपाकघरात ओट्याखाली, कधी आरामखुर्चीत मान टाकून. एकदा अंगणात पेरूखाली मेले, तेव्हा मुंग्यांनी त्यांना वेळेआधीच उठवलं. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या, पोलाद कारखान्याच्या त्या लीजच्या क्वार्टरमध्ये उन्हाळाभर हा प्रकार चालला होता आणि घरात कुणाचीच त्याला हरकत नव्हती, कारण बाबारावांची सून परीक्षेला बसली होती.

सून म्हणजे मृणाल. डॉक्टर होती आणि एका दवाखान्याच्या शवागृहात, ज्याला भिलाईत सगळे चीरघर म्हणतात, तिथे नोकरीला होती. कुणी अचानक किंवा संशयास्पद मेलं तर जागेवर जायचं, मयत बघायचं, घरच्यांना विचारायचं आणि मृत्यू कसा झाला ते कायद्याला पटेल असं शोधून काढायचं, या कामाची वरच्या दर्जाची प्रमाणपत्र परीक्षा ती देत होती. लेखी परीक्षा तिने सहज मारली. प्रात्यक्षिकात मात्र आपटली, आणि अशी आपटली की ऐकताना तिच्या नवऱ्याला, सुजयला, हसू लपवायला तोंडावर उशी घ्यावी लागली.

झालं असं, की रायपूरला परीक्षेच्या खोलीत पलंगावर मयत म्हणून रबरी पुतळा ठेवला होता, आणि पांढऱ्या केसांचे एक परीक्षक मयताचे वडील होऊन शेजारी रडत बसले होते. त्यांना खोदून खोदून प्रश्न विचारायचे होते. पण त्या गृहस्थांनी मृणालच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटी, मेरा लड़का नींद में चला गया. अब क्या पूछती हो?" यावर मृणाल त्यांच्या पाया पडली आणि एकही प्रश्न न विचारता बाहेर आली. पुतळ्याच्या गळ्यावर दोरीचा वळ रंगवला होता, तो बघायचाच राहिला.

आता दुसरी संधी होती आणि ती शेवटची. हुकली तर लेखीपासून सगळं पुन्हा.

"तुले काई येत नाई असं नाई," बाबाराव तिला म्हणाले होते. "तुले मोठ्या मानसावर संशय घेता येत नाई. मी सारी नोकरी प्लांटच्या सेफ्टीत काढली. इन्क्वायरीत सर्व्यात पक्कं झूठ कोन बोले, मालूम आहे? ज्याचे केस पांढरे असत, तो!"

स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत त्यांनी हे सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते मयत झाले. त्यांची बायको कमलिनी खोटं बोलणारी विधवा झाली. नियम बाबारावांनीच घालून दिला: काहीही झालं तरी मयतानं बोलायचं नाही आणि हलायचं नाही.

कमलिनीबाईंना नाटकाची हौस होती, पण आईपण मध्ये यायचं. पहिल्याच दिवशी छाती पिटता पिटता त्यांनी मृणालला विचारलं, "जेवली का तू, बाई?" पुढे मात्र त्या सराईत झाल्या. नवऱ्याला रोज नव्या कारणाने मारायच्या आणि रडायच्याही मनापासून. अडचण मृणालचीच होती. सासूने काहीही सांगितलं तरी ती म्हणायची, "बरं, आई." डोळे मिटून पडलेल्या बाबारावांचं डोकं फिरायचं. पोरगी पुन्हा नापास होणार, हे त्यांना जमिनीवर पडल्या पडल्या दिसत होतं.

गंमत अशी, की सुनेला संशय शिकवायला निघालेल्या या माणसाकडेच लपवण्यासारखं काहीतरी होतं.

बाबारावांचं हृदय जरा कमजोर होतं. अंगात पाणी साचू नये म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी दिली होती. ती घेतली की घडीघडी लघवीला जावं लागे. आता सकाळी सिविक सेंटरच्या मागे कडुलिंबाखाली त्यांचा रमीचा अड्डा बसायचा, आणि बाबाराव उठले रे उठले की त्यांचा जुना सोबती तेजराम त्यांच्या पत्त्यांत डोकावायचा. म्हणून कमलिनीबाईंनी तळहातावर ठेवलेली गोळी खिशात जायची आणि खिशातून अड्ड्यामागच्या नालीत. हल्ली बूट चढेनासे झाले होते. "उन्हाळ्यात बूट कोन घालते?" असं म्हणून त्यांनी चपला वापरायला काढल्या होत्या.

परीक्षेला आठवडा उरला असेल. त्या दिवशी बाबाराव बैठकीत मेले. शेजारी स्टूल आडवं पाडलं होतं, हातात झाडू होता. जाळी काढताना पडले, अशी गोष्ट ठरली होती. कूलरचा वारा छान लागत होता. कमलिनीबाईंनी केस सोडले आणि गळा काढला. मृणालने हातमोजे चढवले. दाराची कडी लावायची मात्र सगळेच विसरले.

सकाळी अड्ड्यावर बाबाराव आले नाहीत म्हणून तेजराम चौकशीला आला होता. त्याने दार ढकललं आणि उंबऱ्यातच मटकन बसला.

"बाबारावभाऊ गेले होऽऽ!"

कमलिनीबाईंचं रडं थांबलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. बाबारावांचा एक डोळा उघडायला आला होता, पण नियम त्यांचाच होता. तेवढ्यात मृणालचा आवाज आला, अगदी शांत.

"काका, तुमी बाबांले शेवटचं कधी भेटले?"

शाब्बास, बाबाराव मनात म्हणाले. पोरगी मोठ्या माणसाला आपणहून प्रश्न विचारून राहिली! त्यांना इतका आनंद झाला, की प्रश्न कुठल्या दिशेने चाललाय हे लक्षातच आलं नाही.

"कालच त भेटलो," तेजराम नाक पुसत म्हणाला. "पत्ते खेळलो. सोन्यासारखा मानूस, पन बदमाश. पत्ता मांडीखाली लपवे."

"तब्येत कशी होती त्यांची?"

"काय तब्येत! पाय का पाय होते त्याइचे, खांबासारखे झाले होते. मी म्हनो, भाऊ, गोळी घेत जा. त आमच्या डोळ्यासमोर नालीत फेके. म्हने, गोळी घेतली का डाव सोडून उठा लागते, अन् मंग तू माये पत्ते पाह्यतं." त्याला हुंदका आवरेना. "पाह्यले असन मी एकदोन डाव. आता कोनाचे पाहू?"

"गोळी फेके?" कमलिनीबाई म्हणाल्या. हा आवाज नाटकातला नव्हता.

मयताच्या कपाळावर घाम आला. मृणाल खाली बसली, तिने घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे पडलेला खड्डा भरून येईना. बाबारावांना तिचा श्वास अडकलेला ऐकू आला, आणि नियम मोडून ते उठून बसले.

तेजराम किंचाळत उडाला तो स्टुलावर आदळला. त्याला पाणी पाजून सगळं समजावेपर्यंत कूलरचं पाणी संपलं. समजल्यावर तो आनंदाने रडला, आणि मग आपण पत्ते पाहायची कबुली देऊन बसलो हे ध्यानात येऊन चिडला. पण बाबारावांचं लक्ष सुनेकडे होतं. ती अजून तशीच बसली होती, त्यांच्या पायाजवळ.

पितळ उघडं पडलंच होतं. तरी एक डाव शिल्लक होता. बाबारावांनी डोळ्यांत पाणी आणलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, हा तेजराम पयल्यापासूनच झूठा. मी गोळी रोज घेतो. पाय त चपलेनं सुजले. तुया सासऱ्यावर भरोसा नाई का?"

मृणालची मान खाली गेली. तिच्या ओठांवर "बरं" आलेलं बाबारावांना स्पष्ट दिसलं. आता आपण जिंकणार आणि ही रायपूरला पुन्हा पाया पडून येणार. हात काढून घ्यावा असं त्यांना फार वाटलं. पण रमीही फार प्रिय होती. हात तिथेच राहिला.

मृणालने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, डोक्यावरून अलगद काढला आणि त्यांच्याच गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, चपलेचा पट्टा पंज्यावर असते. खड्डा घोट्याच्या वरतं पडला. शेवटची गोळी कधी घेतली?"

बाबाराव झाडूची काडी मोडत बसले. तिने आवाज न चढवता तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"होळीच्या आंधी," बाबाराव म्हणाले.

"झोपल्यावर दम लागते का?"

"दोन उश्या घेतो मी."

"दोन?"

"तीन."

ती रडत होती. गाल भिजले होते, नाक लाल झालं होतं, पण प्रश्न काही थांबले नाहीत. आपल्या आयुष्यात इतकी कडक इन्क्वायरी आपण एकदाही केली नाही, असं बाबारावांना वाटलं. त्यांना भीती वाटत होती आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता.

संध्याकाळी सुजय त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि आणखी थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं ते सांगितलं. बाबारावांना ठेवूनच घेतलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते घरी आले तेव्हा पाय पुन्हा माणसाचे झाले होते. आता कमलिनीबाई गोळी दिल्यावर त्यांना आ करायला लावत आणि जीभ वर उचलायला सांगत. रमीचा अड्डा बैठकीतच भरायला लागला होता.

मृणाल रायपूरहून परतली तेव्हा डाव रंगात आला होता. तिने पर्स खुर्चीवर टाकली.

"पास," ती म्हणाली.

कमलिनीबाई साखर आणायला आत धावल्या. बाबारावांनी पत्ते छातीशी धरले. "पयले सारं सांग. तोच बुढा होता का?"

"तोच. या बारीले म्हणे, बहू पायरीवरून पडली. लगेच माझ्या डोक्यावर हात ठेवला."

"मंग?"

"मी तो काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि मग अर्धा तास सोडलं नाही त्यांना. शेवटी हसायलाच लागले. म्हणे, बेटी, पिछली बार तो पैर छू के भाग गई थी. ये सब किसने सिखाया?"

"तू काय सांगतलं?"

"सांगितलं, मयतानं."

बाबारावांनी पत्ते तोंडासमोर धरले. डोळे भरून आले होते, या वेळी खरोखर, आणि ते तेजरामला दिसायला नको होते. शिवाय गोळीनेही आपलं काम केलं होतं. ते उठले आणि पत्ते सोबत घेऊन बाथरूममध्ये गेले.